एक डोळा झाकून बघा

समोरच्या भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं आहे. खिडकीतून सकाळचा उजेड येतोय. चहाचा कप हातात घेऊन आपण मान वर करतो आणि संकष्टी आज आहे की उद्या, ते बघतो. याला लागतो सेकंदाचा एक लहानसा तुकडा. तेवढ्या वेळात कॅलेंडर, डोळा आणि मेंदू यांच्यात काय काय घडतं ते इथे सावकाश, एकेक पायरी उतरत बघू. दहावीचं विज्ञान विसरलं असेल तरी काही बिघडत नाही.

आधी एक गैरसमज बाजूला करायला हवा. तो आपल्या भाषेतच मुरलेला आहे. आपण नजर टाकतो, नजर फिरवतो, नजर रोखतो. बाळाला कुणाची तरी नजर लागते आणि मग मीठ-मोहऱ्या ओवाळाव्या लागतात. म्हणजे डोळ्यातून काहीतरी निघतं आणि वस्तूला जाऊन भिडतं. ही नुसती बोलण्याची लकब नव्हे. आपल्याकडच्या न्यायदर्शनाने असंच मानलं होतं आणि बऱ्याच ग्रीक पंडितांनीही. अकराव्या शतकात इब्न अल-हैथम या अरबी विद्वानाने या समजुतीला साधा प्रश्न विचारला: मग झगझगीत उजेडाकडे बघितल्यावर डोळा का दुखतो? काहीतरी बाहेरून आत येतंय, म्हणूनच ना?

तर डोळ्यातून बाहेर काहीही जात नाही. खिडकीतला उजेड कॅलेंडरवर पडतो. पांढरा कागद त्यातला बराचसा सगळीकडे उधळतो, शाई कमी उधळते. उधळलेला उजेड खोलीभर पसरतो आणि त्यातला अगदी थोडा आपल्या डोळ्याच्या वाट्याला येतो. आपली गोष्ट इथून सुरू होते.

डोळ्याशी आल्यावर उजेडाला पहिल्यांदा भेटतं ते पाणी. डोळ्यावर अश्रूंचा अतिशय पातळ थर कायम पसरलेला असतो. तळाला थोडा चिकटा, मध्ये पाणी आणि वर तेलाचा हलका तवंग, म्हणजे पाणी उडून जाऊ नये. हे तेल पापण्यांच्या कडेच्या बारीक ग्रंथींतून येतं. पापणी लवली की थर पुन्हा सारखा होतो, सारवताना ओलं फडकं फिरावं तसा. एरवी आपण मिनिटाला 15-20 वेळा पापणी लववतो. मोबाईलमध्ये डोकं घातलं की हे प्रमाण बरंच खाली येतं. मग थर जागोजागी फाटतो आणि डोळे चुरचुरतात. गंमत म्हणजे अशा कोरड्या डोळ्यांतूनच घळाघळा पाणी वाहतं, कारण चुरचुरीला उत्तर म्हणून मोठी अश्रुग्रंथी घाईने पाणी सोडते. ‘पाणी येतंय, मग डोळे कोरडे कसे?’ असं लोक डॉक्टरांना विचारतात, ते यामुळे.

पाण्याखाली पारपटल. डॉक्टर त्याला कॉर्निया म्हणतात. घड्याळाच्या फुगीर काचेसारखं, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचं. उजेड एकत्र आणायचं काम आतलं भिंग करतं असं आपल्याला वाटतं, पण मोठं काम इथेच उरकतं. चष्म्याच्या नंबराच्या भाषेत बोलायचं तर अख्ख्या डोळ्याचा नंबर साधारण 60 आणि त्यातले 43 एकट्या पारपटलाचे. उजेड हवेतून ओल्या पदार्थात शिरतो तो इथे, आणि माध्यम बदललं की उजेड वळतो. विहिरीत बुडी मारून डोळे उघडले तर सगळं धूसर दिसतं, कारण पाण्यातून पाण्यासारख्याच पदार्थात शिरताना तो फारसा वळत नाही. पोहण्याचा गॉगल नजर सुधारत नाही, डोळ्यापुढची हवा तेवढी परत आणून देतो.

पारपटलात एकही रक्तवाहिनी नाही. असती, तर जग लाल जाळीतून दिसलं असतं. प्राणवायू ते मुख्यतः अश्रूंमधून, बाहेरच्या हवेतला घेतं. मज्जातंतूंच्या बाबतीत मात्र ते श्रीमंत आहे. धुळीचा कण गेला तरी जीव कासावीस होतो तो त्यामुळे.

इथे होणारी एक चूक फार महागात पडते. तंबाखूबरोबरची चुन्याची पुडी मुलांच्या हाताला लागते, दाबताना फुटते आणि चुना डोळ्यात उडतो. घरातले कुणी तूप शोधतं, कुणी गुलाबपाणी, कुणी रिक्षा बोलवायला धावतं. तोवर चुना आत मुरत जातो. अशा वेळी पहिलं औषध पाणी. नळाखाली, तांब्याने, जमेल तसं, पापणी उलगडून निदान पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवायचा आणि मग दवाखाना गाठायचा. पारपटल पांढरं पडलं तर कुणीतरी मागे ठेवून गेलेलं पारपटल बसवावं लागतं. दुसऱ्याचं पारपटल बसवण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1905 साली ऑलोमोउत्स या आज चेक प्रजासत्ताकात असलेल्या गावात एदुआर्ट झिर्म यांनी केली. ज्या मजुरावर केली त्याचे डोळे चुन्यानेच भाजले होते.

नेत्रदानात आजही मुख्यतः हे पारपटलच उपयोगी येतं. त्यामुळे चष्मा असणारे, मधुमेह असणारे, मोतीबिंदू काढलेले लोकही नेत्रदान करू शकतात. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत ते काढून घ्यावं लागतं. पथक येईपर्यंत पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवायचा आणि खोलीतला पंखा बंद करायचा, एवढं घरच्यांनी केलं तरी पुरतं.

पारपटल ओलांडलं की पुढे रंगीत पडदा, परितारिका. ‘घारे डोळे’ म्हणतो ते या पडद्यावरून. त्याच्या मधलं काळं गोल म्हणजे बाहुली, आणि बाहुली ही वस्तू नाहीच, ते नुसतं भोक आहे. आत अंधार म्हणून काळं दिसतं. नाव मात्र छान पडलंय. समोरच्या माणसाच्या डोळ्यात अगदी जवळून बघितलं तर तिथे आपणच इवलेसे, बाहुलीसारखे उभे दिसतो. लॅटिन भाषेनेही नेमका बाहुलीचाच शब्द या भोकाला दिला होता. उन्हात ते 2 मिलिमीटरपर्यंत आवळतं, अंधारात तरुण डोळ्यात 8 पर्यंत फाकतं. म्हणजे उजेडात फार तर सोळापट कमीजास्त. चांदण्यातला आणि भर दुपारचा उजेड यांत लाखोपटींचा फरक असतो. तो उरलेला हिशेब डोळ्याच्या मागच्या भिंतीवर मिटवला जातो.

पडद्याच्या पुढेमागे एक स्वच्छ पाणी खेळतं असतं. अश्रूंशी त्याचा संबंध नाही. ते आत तयार होतं, पारपटल आणि भिंग यांना पोसतं आणि पडद्याच्या मुळाशी असलेल्या बारीक मोरीतून वाहून जातं. जितकं येतं तितकं गेलं तर डोळ्यातला दाब साधारण 10 ते 21 या पट्ट्यात राहतो. मोजमाप रक्तदाबाचंच, पाऱ्याच्या मिलिमीटरचं. मोरी तुंबली की दाब चढतो आणि डोळ्यामागची, मेंदूकडे जाणारी नस हळूहळू चिरडली जाते. हा काचबिंदू. दुखत नाही, खुपत नाही, लालीही बहुधा नाही. डोळे आले म्हणून औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेले स्टेरॉइडचे थेंब महिनोन्महिने घालत राहिल्यानेही दाब असा चढू शकतो. थेंब संपले की तीच बाटली दाखवून दुसरी आणायची सवय आपल्याकडे फार आहे.

आता भिंग. बाहुलीच्या लगेच मागे, मसुराच्या डाळीसारख्या फुगीर आकाराचं, पारदर्शक आणि लवचिक. त्याच्या कडेला चहूबाजूंनी बारीक दोऱ्या बांधलेल्या असतात आणि त्या दोऱ्यांची दुसरी टोकं एका गोल स्नायूला. आपण कॅलेंडर सोडून हातातल्या पेपराकडे बघतो तेव्हा हा स्नायू आवळतो. आवळला की त्याचं कडं लहान होतं, दोऱ्या सैल पडतात आणि ताणातून सुटलेलं भिंग आपोआप फुगतं. फुगीर भिंग उजेड जास्त वळवतं, म्हणून जवळचं स्पष्ट दिसतं. इथे भल्याभल्यांचा गोंधळ होतो. स्नायू भिंगाला ओढून फुगवतो असं वाटतं, पण तो त्याला मोकळं सोडतो. दूर बघताना स्नायू सैल असतो. तासभर जवळचं काम केल्यावर खिडकीतून लांबच्या झाडाकडे बघितलं की बरं वाटतं, ते त्याला विसावा मिळतो म्हणून.

हे भिंग दरवर्षी थोडं थोडं ताठ होत जातं. दहा वर्षांचं पोर नाकापासून वीतभराच्याही आतलं अक्षर वाचतं. चाळिशीच्या आसपास मोकळं सोडलं तरी भिंग पुरेसं फुगत नाही. मराठीने तर या अवस्थेला वयाचंच नाव देऊन टाकलं: चाळिशी. मला ती कळली औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचताना. पाकीट धरलेला हात लांब लांब जात होता आणि शेवटी हातच कमी पडला. चाळिशीचा चष्मा लावल्याने डोळे आळशी होत नाहीत आणि न लावल्याने भिंग पुन्हा लवचिक होत नाही. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारत बसण्यापेक्षा चष्मा बरा.

पुढे वय वाढलं की भिंगातल्या प्रथिनांचे गोळे होऊ लागतात. अंड्यातला पातळ पारदर्शक भाग तव्यावर पडताच पांढरा होतो, तसंच काहीसं, पण वर्षानुवर्षं चालणारं. हा मोतीबिंदू. काचबिंदू आणि मोतीबिंदू ही नावं जुळी असली तरी दुखणी वेगळी आहेत: मोतीबिंदूत गेलेली नजर शस्त्रक्रियेने परत येते, काचबिंदूत गेलेली येत नाही. गढूळ झालेलं भिंग सुईने बाजूला ढकलण्याची रीत सुश्रुतसंहितेत आहे. नंतरच्या काळात ते काढून टाकू लागले, पण भिंगाविना राहिलेल्या आजी-आजोबांना सोडावॉटरच्या बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावावा लागे. त्यातून सुटका झाली ती लंडनच्या हॅरल्ड रिडली यांच्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या प्लास्टिकच्या छताचे तुकडे घुसलेले त्यांनी पाहिले होते, आणि डोळा ते तुकडे मुकाट्याने सहन करतो हेही. 1949 साली त्यांनी तसल्याच प्लास्टिकचं भिंग माणसाच्या डोळ्यात बसवलं. ‘मोतीबिंदू पिकू दे, मग काढू’ हा सल्ला जुन्या शस्त्रक्रियेच्या काळातला. आता नजर कामाला अडू लागली की काढता येतो. फार पिकलेला काढायला उलट अवघड जातो.

भिंगातून निघालेला उजेड स्वच्छ चिकट गरातून मागच्या भिंतीकडे जातो. किरण नेमके भिंतीवर एकत्र यायला हवेत, आणि ते डोळ्याच्या लांबीवर अवलंबून आहे. नुकत्या जन्मलेल्या बाळाचा डोळा साधारण 17 मिलिमीटर लांब असतो, मोठ्या माणसाचा 24. वाढता वाढता तो एक मिलिमीटर जास्त लांबला तर अडीच-तीनचा मायनस नंबर येतो: किरण भिंतीच्या अलीकडेच एकत्र येतात आणि फळ्यावरचं पुसट दिसतं. आखूड राहिला तर प्लस. मुलांचा नंबर दरवर्षी वाढतो तो डोळा वाढतोय म्हणून; दोष मात्र चष्म्यावर जातो आणि आया तो कपाटात ठेवून देतात. रोज तास-दोन तास बाहेर उजेडात खेळणाऱ्या मुलांना मायनस नंबर लागण्याचं प्रमाण कमी असतं, हे अनेक पाहण्यांतून दिसलेलं आहे. गाजराच्या रसाने नंबर उतरत नाही.

आता आपण भिंतीपाशी आलो. हिला दृष्टिपटल म्हणतात, डॉक्टरी भाषेत रेटिना. कॅलेंडर 3 मीटरवर असेल आणि त्याचं पान 40 सेंटिमीटर उंच असेल, तर इथे पडणारं त्याचं चित्र असतं सव्वादोन मिलिमीटर. तिळाच्या दाण्याहून लहान! त्यातला बोटाच्या पेराएवढा आकडा केसाच्या जाडीइतका होतो. आणि हे सगळं उलटं: तारखा वर, महिन्याचं नाव खाली, डावं उजवीकडे. खगोलशास्त्रज्ञ केपलरने 1604 साली हे लिहिलं तेव्हा सगळ्यांना एकच कोडं पडलं की मग आपल्याला सुलटं कसं दिसतं. कोडं खरं तर आपल्या कल्पनेतच आहे. आत बसून ते चित्र बघणारं दुसरं कुणी नाही. मेंदूकडे चित्र पोचत नाही, संदेश पोचतात. ‘खालच्या पेशीतून आलेला संदेश म्हणजे वरची वस्तू’ एवढं त्याने बसवून घेतलं की काम झालं.

दृष्टिपटलात उजेड टिपणाऱ्या दोन जातींच्या पेशी आहेत. दांड्यासारख्या, दंडाकार, सुमारे 12 कोटी. शंकूसारख्या सुमारे 60 लाख. दंडाकार पेशी अंधुक उजेडाच्या, त्यांना रंग कळत नाही. शंकू भरपूर उजेडाचे आणि रंगांचे. ते तीन प्रकारचे असतात आणि सगळे रंग त्या तिघांच्या कमीजास्त प्रतिसादातून उमटतात. एखादा प्रकार नसला किंवा बिघडला तर लाल-हिरव्यात घोटाळा होतो. पुरुषांत हे बायकांपेक्षा कितीतरी जास्त आढळतं.

प्रत्येक पेशीत ए जीवनसत्त्वापासून बनलेल्या, कोयत्यासारख्या वाकड्या रेणूंचा साठा असतो. उजेडाचा कण एखाद्या रेणूवर आदळला की तो रेणू सरळ होतो. अख्ख्या बघण्यात उजेडाने करायचं काम एवढंच. पुढची सगळी साखळी रसायनांची आणि विजेची. सरळ झालेला रेणू पुन्हा वाकडा करून जागेवर बसवायला वेळ लागतो. म्हणून उन्हातून थिएटरात शिरल्यावर आपण शेजाऱ्याच्या पायावर पाय देतो आणि डोळे पूर्ण सरावायला वीस-तीस मिनिटं जातात. ए जीवनसत्त्व कमी पडलं की हा साठाच भरत नाही. रातांधळेपणा येतो तो तिथून. गाजर, पपई, शेवग्याचा पाला यांचं डोळ्यांशी असलेलं नातं एवढंच आणि एवढंच महत्त्वाचं.

यातली मला सगळ्यात नवलाची वाटणारी गोष्ट अशी की या पेशी अंधारात बोलत असतात आणि उजेड पडला की गप्प होतात. पावसाळ्यात रात्री रातकिडे किर्र ओरडत असतात. कुणाचं पाऊल वाजलं की तेवढ्या पट्ट्यातले गप्प बसतात आणि त्या शांततेवरूनच कुणी आलंय हे कळतं. डोळ्यातलं कामकाज तसं चालतं. पुढच्या पेशी शेजारपाजारच्या शांततेची तुलना करतात आणि कुठे उजेड संपून सावली लागते, त्या कडा तेवढ्या पुढे कळवतात. 12-13 कोटी पेशींची खबर, आणि मेंदूकडे जाणाऱ्या नसेत तंतू जेमतेम दहा-बारा लाख. निवड डोळ्यातच होते.

ही खबर सगळीकडून सारख्या तपशिलाने येत नाही. दृष्टिपटलाच्या मध्यावर पीतबिंदू आहे आणि त्याच्या पोटात एक लहानसा खळगा. शंकू तिथे दाटीवाटीने बसलेत, दंडाकार पेशी अगदी मध्यावर एकही नाही. हात लांब करून अंगठा उभा धरा: अंगठ्याच्या नखाएवढ्या तुकड्यातच आपल्याला खरं बारीक दिसतं. पटत नसेल तर कॅलेंडरवरच्या 14 वर डोळे रोखून, ते न हलवता 28 च्या चौकोनातली बारीक अक्षरं वाचून बघा. जमत नाही. म्हणून डोळे सेकंदाला तीन-चार वेळा टुणटुण उड्या मारत असतात आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो. रात्री गच्चीवर उलटी गंमत करता येते. कृत्तिकांच्या पुंजक्यातला फिकट तारा थेट बघितला तर नाहीसा होतो, किंचित बाजूला बघितलं की दिसतो. कारण मग त्याचा उजेड दंडाकार पेशींवर पडतो.

उड्या मारताना जग हलताना का दिसत नाही? आरशासमोर उभं राहून स्वतःच्या डाव्या डोळ्याकडे, मग उजव्याकडे, पुन्हा डाव्याकडे बघा. डोळे हललेले एकदाही दिसणार नाहीत. शेजारी उभ्या माणसाला विचारा, त्याला स्पष्ट दिसतात. उडीच्या क्षणी मेंदू आपल्यापर्यंत धूसर चित्र येऊच देत नाही.

झाकपाकीचा आणखी मोठा नमुना हवा असेल तर रेघांच्या वहीचं एक पान आणि एक काळी टिकली घ्या. पानावर फुली काढा आणि तिच्या उजवीकडे त्याच रेघेवर 8 सेंटिमीटरवर टिकली चिकटवा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्याने फुलीकडेच बघत राहा आणि पान हातभर अंतरावरून सावकाश जवळ आणा. साधारण 30 सेंटिमीटरवर टिकली गायब होते. बहुतेकांचं इथे चुकतं: टिकली गेली का हे बघायला डोळा तिच्याकडे वळतो आणि ती अर्थातच दिसते. नजर फुलीवरून हलू द्यायची नाही. जमलं की नीट लक्ष द्या. टिकलीच्या जागी भोक दिसत नाही, अंधार दिसत नाही, तिथे कागद आहे आणि कागदावर रेघाही आहेत!

असं होतं कारण सगळे तंतू एकत्र येऊन डोळ्याबाहेर पडतात त्या जागी उजेड टिपणाऱ्या पेशीच नाहीत. हा अंधबिंदू. फ्रान्सच्या मारियोत या शास्त्रज्ञाने सतराव्या शतकात तो दाखवला तेव्हा लोक थक्क झाले होते. प्रत्येकाच्या प्रत्येक डोळ्यात जन्मापासून असलेलं हे भोक हजारो वर्षं कुणाला दिसलं नाही, कारण मेंदू आजूबाजूचं बघून ते बुजवतो आणि उरलेलं दुसऱ्या डोळ्याकडून घेतो. हा प्रयोग लक्षात असू द्या, तो पुढे लागणार आहे.

दोन्ही डोळ्यांच्या नसा कपाळामागे एकमेकींना भेटतात आणि अर्धे तंतू वाट बदलतात. त्यामुळे समोरच्या दृश्याचा उजवा अर्धा भाग, दोन्ही डोळ्यांतला, मेंदूच्या डाव्या बाजूला जातो आणि डावा उजव्या बाजूला. मध्ये एक थांबा घेऊन खबर पोचते ती डोक्याच्या पार मागे, वेणी सुरू होते त्याच्या आसपास. पडल्यावर तिथे जबर मार बसला तर डोळे धडधाकट असूनही नजर जाऊ शकते. मेंदूच्या या भागातल्या एकेका पेशीला ठराविक कलाची रेघच ‘समजते’, हे डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांवर दाखवलं. 1981 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. रेघांतून आकार, आकारांतून आकडा, आकड्यातून ‘अरे, संकष्टी उद्या आहे’.

हे वाचन मेंदू जन्मतः शिकून येत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाचे पवन सिन्हा यांच्या ‘प्रकाश’ प्रकल्पात भारतातल्या जन्मापासून न दिसणाऱ्या, बहुतेक मोतीबिंदूच्या, मुलांवर शस्त्रक्रिया झाल्या. त्यातल्या पाच मुलांवरची पाहणी 2011 साली प्रसिद्ध झाली. नजर आल्या आल्या, हाताने चाचपलेली वस्तू डोळ्यांनी ओळखायला सांगितली तेव्हा त्यांना ती ओळखता येईना. काही दिवसांत जमू लागलं. डोळा उघडला म्हणजे दिसू लागलं, असं नसतं.

घरातल्या मुलांच्या बाबतीत याचा थेट संबंध येतो. एका डोळ्याला मोठा नंबर आणि दुसरा चांगला, अशा वेळी मेंदू चांगल्या डोळ्याचं ऐकतो आणि दुसऱ्याची खबर घेणंच सोडून देतो. हा आळशी डोळा. डोळा तिरळा नसेल तर पालकांना संशयही येत नाही, कारण मूल सगळं बघत असतं, धावत असतं, पतंगही उडवतं. चष्मा आणि चांगला डोळा रोज काही तास झाकणं हा उपाय सात-आठ वर्षांच्या आत चांगला लागू पडतो. पुढे अवघड होत जातो. शाळेत घालण्याआधी मुलाचा एकेक डोळा वेगळा तपासून घ्यायचा तो यासाठी.

मोठ्यांचंही असंच होतं. काचबिंदूत नजर कडेने जाते आणि मेंदू टिकलीची जागा बुजवतो तशी ती बुजवत राहतो. मधुमेहात मागच्या भिंतीवरच्या रक्तवाहिन्या गळू लागतात तरी सुरुवातीला नजर छान असते. म्हणून साखर असणाऱ्यांनी वर्षातून एकदा बाहुली मोठी करून मागची भिंत तपासून घ्यायची असते. चुन्यासारखाच थांबायला अजिबात वेळ नसतो तो आणखी एका वेळी: अचानक डोळ्यापुढे विजा चमकल्या, काळ्या ठिपक्यांचा पाऊस पडला किंवा एका बाजूने पडदा सरकत आला, तर दृष्टिपटल सुटत असू शकतं. त्याच दिवशी डॉक्टर.

आता भिंतीवरच्या कॅलेंडरकडे परत या. वाचायचा चष्मा असेल तर तो लावा आणि वाचता येईल इतकं जवळ जा. एक डोळा तळहाताने झाका, दाबू नका. महिन्याच्या मधल्या एका तारखेवर नजर ठेवा. आकडा स्वच्छ दिसतो का? आजूबाजूच्या चौकोनांच्या रेघा सरळ आहेत का, की कुठे लहर आल्यासारखी वाटते, एखादा चौकोन पुसट आहे, गायब आहे? मग दुसरा डोळा. डॉक्टरांकडे याच कामासाठी चौकोनांची जाळी छापलेला कागद असतो. आपल्याकडे तो फुकटात भिंतीवर आहे. रेघ वाकडी दिसली तर पीतबिंदूत गडबड असू शकते, त्या आठवड्यातच दाखवून घ्या. काचबिंदू मात्र या घरगुती परीक्षेत सापडत नाही. चाळिशीचा चष्मा करायला जाल तेव्हा दुकानात नुसता नंबर काढून परतू नका, डोळ्याचा दाब आणि मागची नस डॉक्टरांकडून तपासून घ्या.